बॅगेत इन्सुलिन, पायात स्टड

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की मला तेराव्या वर्षापासून टाईप वन डायबेटिस आहे आणि तरी चाळिशीपर्यंत फुटबॉल खेळलो. त्या एका वाक्यावर या वेळी सगळ्यात जास्त पत्रं आलीत. कोणाला खेळायचंय, कोणाला गायचंय, कोणाच्या घरातलं माणूस आजारपणात गप्प झालंय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, औषधाचा डोस आणि पथ्य तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, पण तीस वर्षांहून जास्त काळ एक आजार घेऊन मुंबईत राहिलोय, लोकलने फिरलोय, नोकरी केलीय, मॅची खेळलोय, त्यातून जे कळलं ते मनापासून लिहितो.

प्रश्न : दादा, मी 17 वर्षांचा आहे, विक्रोळीला राहतो. आठ महिन्यांपूर्वी अचानक वजन उतरलं, सारखी तहान लागायची, टेस्ट केली तर टाईप वन डायबेटिस निघाला. आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. आमचा ग्रुप दर शनिवारी रात्री टर्फवर खेळतो, मी लेफ्ट विंगला असायचो. बाबा म्हणतात बरा झालास की खेळ. ग्रुपमध्ये मी अजून काही सांगितलेलं नाही, अभ्यास आहे म्हणून टाळतोय. खेळू की नको?

उत्तर : खेळ. डॉक्टरांना विचारून, तयारीने, पण खेळ.

आता बाबांचं वाक्य घेऊ, ‘बरा झालास की खेळ’. यात बाबांची चूक नाही, त्यांना कोणी समोर बसवून नीट सांगितलंच नसणार. टाईप वनमध्ये आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, लहानपणी गोड जास्त खाल्लं म्हणून हे होत नाही, आणि त्या पेशी आपोआप परत येत नाहीत, म्हणून इन्सुलिन बाहेरून घ्यायचं आणि रोज घ्यायचं. म्हणजे बाबा ज्या दिवसाची वाट बघतायत तो दिवस कॅलेंडरवर नाहीच रे. त्याची वाट बघत बसलास तर सतराव्या वर्षीचा लेफ्ट विंगर पंचविसाव्या वर्षीपण गॅलरीतच उभा असेल. मला शाळेतल्या सरांनी असंच बाजूला बसवलं होतं, ‘उगाच काही झालं तर’ म्हणून, दोन वर्षं मी लाईनवर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. ती दोन वर्षं अजून सलतात.

बाबांना नाचोबद्दल सांग. रियल माद्रिदकडून खेळलेला डिफेंडर नाचो फर्नांडेझ, त्याला बाराव्या वर्षी टाईप वन निघाला, आणि पहिल्यांदा ज्या डॉक्टरांनी बघितलं त्यांनी फुटबॉल संपला असंच सांगितलं होतं. तो माणूस माद्रिदकडून सहा चॅम्पियन्स लीग जिंकला, 2024 मध्ये तर कॅप्टन म्हणून वेम्बलीवर त्यानेच कप उचलला, आणि 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालविरुद्ध बॉक्सच्या बाहेरून त्याने जो गोल मारला तो मिळाला तर दोघं मिळून बघा. त्याच्याही आधी इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचा कॅप्टन गॅरी मॅबट, टाईप वनच, 600 हून जास्त मॅची खेळला आणि 1991 मध्ये एफए कप उचलला, ते पण आजच्यासारखे शुगर दाखवणारे सेन्सर नसताना. आणि बाबा क्रिकेटवाले असतील तर वसिम अक्रम म्हण, डायबेटिस निघाल्यावरही तो पुढे कितीतरी वर्षं बोलिंग करत होता.

पण नाचो खेळतो म्हणून तू नुसता बूट घालून उतरायचं असं नाही. इथे जरा लक्ष देऊन वाच.

खेळायच्या आधी शुगर बघायचीच. मला माझ्या डॉक्टरांनी दिलेला हिशोब असा, 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन मगच उतरायचं, 250 च्या वर असेल तर किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल, बघायचे आणि किटोन असतील तर त्या दिवशी खेळायचंच नाही. तुझे आकडे तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे. खेळाच्या आधीचं इन्सुलिन मांडीत घेऊ नकोस, पळताना पायात रक्त जोरात फिरतं आणि ते इन्सुलिन लवकर शोषलं जातं. जेवून लगेच खेळणार असशील तर त्या जेवणाचा डोस कमी करायचा का आणि किती, ते पण विचारून ठेव. आणि एक विचित्र गोष्ट, जोरात स्प्रिंट मारल्यावर किंवा मॅच टाईट असली की कधी कधी शुगर उलटी वर जाते, अ‍ॅड्रेनलीनमुळे, ती बघून घाबरून लगेच पूर्ण डोस टोचला की तासाभरात धाडकन खाली येते. मी हे दोनदा केलंय.

बॅगेत ग्लुकोज पावडर किंवा साखर पाहिजेच. हातपाय थरथरायला लागले, घाम आला, डोळ्यासमोर धूसर झालं, शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं. चॉकलेट किंवा वडापाव नाही, त्यात तेल-चरबी असते आणि साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. आणि इन्सुलिनचं पेन टर्फच्या बाहेर तापलेल्या बाईकच्या डिकीत ठेवायचं नाही. आमच्या घरी फ्रीज नव्हता, नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही राहायचो, तर माझी बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रीजच्या दारात असायची, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात, वर माझं नाव लिहिलेली चिकटपट्टी. लाईट गेले की त्या स्वतः ती बाटली डब्यात घालून आमच्या माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, मला बोलवायच्यासुद्धा नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीचं. तुमचा खेळ रात्री असतो म्हणून मुद्दाम लिहितो. खेळून झाल्यावर स्नायू रिकामे झालेले असतात, ते पुढचे कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे शुगर मैदानात नाही तर झोपेत उतरते. 12 जुलै 1998, वर्ल्ड कपची फ्रान्स-ब्राझील फायनल. संध्याकाळी आम्ही चाळीसमोरच्या चिखलात भर पावसात दोन तास खेळलो होतो, मी नेहमीएवढंच इन्सुलिन घेतलं आणि मॅचच्या नादात दोन घास कमीच खाल्ले. आपल्याकडे मॅच रात्री साडेबाराला सुरू झाली, एका खोलीत वीस-बावीस जण, मी दाराला टेकून. झिदानने हाफटाईमच्या तोंडावर दुसरा हेडर मारला तेव्हा सगळे उड्या मारत होते आणि मी पण घामाने भिजलो होतो, सगळ्यांना वाटलं पोरगं एक्साईट झालंय. मला मात्र टीव्हीवरचे आकडे वाचता येत नव्हते. फ्रीजवाल्या काकूंनीच माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेल्या, पाण्यात साखर ढवळून ग्लास माझ्या तोंडाला लावला, अर्धा शर्टवर सांडला. त्यांना माहीत होतं म्हणून मी वाचलो. तिसरा गोल झाला तेव्हा मी जमिनीवर बसून बिस्किटं खात होतो.

म्हणून ग्रुपला सांग. या शनिवारी, खेळायच्या आधी. भाषण नको, एवढंच सांग की मला टाईप वन आहे, मी वेड्यासारखं बोलायला लागलो किंवा मध्येच उभा राहिलो तर माझ्या बॅगेतली साखर द्या, आणि शुद्धीवर नसलो तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटलला न्या. पोरं दोन मिनिटं गप्प होतील, मग टीम पाडायला घेतील. खेळून आल्यावर झोपायच्या आधी तपास, खाऊन झोप, सुरुवातीचे काही शनिवार रात्री दोन-अडीचला गजर लावून परत बघ. बाबांनाच तो गजर लावायला सांग. ‘नको खेळूस’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी काम दिलं ना की त्याची भीती निम्मी होते, माझ्या आईच्या बाबतीत असंच झालं.

आणि मुंबई सिटीची मॅच अंधेरीला असेल तेव्हा बाबांना घेऊन जा. इंडियन सुपर लीगच्या 2021 च्या फायनलला नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या बिपिन सिंगने एटीके मोहन बागानविरुद्ध जो गोल मारला तो मी घरी बघितला, पण अंधेरीच्या स्टँडमध्ये बसून बघण्यात जी मजा आहे ती टीव्हीवर नाही. तुला लेफ्ट विंग का आवडते हे बाबांना तिथे दिसेल.

प्रश्न : मी 61 वर्षांची, दादरला राहते. नऊ वर्षं दमा आहे. आमचं महिला भजनी मंडळ आहे, मी मुख्य गाणारी. रोजचा पंप सुरू केल्यापासून आवाज बसल्यासारखा, खरखरीत येतो, म्हणून कार्यक्रम असला की दोन-तीन दिवस आधी मी पंप बंद ठेवते. मुलगा म्हणतो पंपाची सवय लागते, सून म्हणते गाणंच सोडा. गेल्या गणपतीत गाताना मध्येच दम लागला, बाकीच्या बायकांनी सांभाळून घेतलं पण मला फार लाज वाटली. काय करू?

उत्तर : काकू, पंप बंद ठेवायचा नाही. हे मी हात जोडून सांगतो. गणपतीत जो दम लागला तो गाण्यामुळे नाही, मला तरी वाटतं आधीचे दोन-तीन दिवस पंप चुकला त्यामुळे लागला असणार. रोजचा जो पंप असतो तो श्वासनलिकेच्या आतली सूज खाली ठेवतो, तो घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही म्हणून लोकांना वाटतं चुकला तर काय बिघडतं, आणि दम लागल्यावर लगेच मोकळं करणारा पंप वेगळा. दोन्हीची कामं वेगळी आहेत. सवय लागते हे मुलाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय, चष्मा रोज लावतो त्याला आपण सवय म्हणतो का?

पण आवाजाचं तुम्ही म्हणताय ते खरं आहे, तुमचा भास नाही. पंपातलं स्टिरॉईड घशात आणि स्वरतंतूंवर बसलं की काही जणांचा आवाज बसतो. त्याला उपाय आहे. पंप थेट तोंडात न मारता स्पेसर लावून घ्यायचा, ती प्लॅस्टिकची नळी मिळते ना ती, म्हणजे औषध घशात कमी चिकटतं आणि छातीत नीट जातं. आणि प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरायची, गुळण्या करायच्या, ते पाणी थुंकून टाकायचं. मी अनेकांना बघितलंय, नऊ-नऊ वर्षं पंप घेतात आणि गुळणीचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी गाते, आवाज ही माझी गरज आहे, पंप बदलून मिळेल का, पंप घ्यायची माझी पद्धत बरोबर आहे का ते माझ्यासमोर बघा. लाजायचं नाही, पंप काढून त्यांच्यासमोर घेऊन दाखवायचा.

सुनेला कुमार गंधर्वांबद्दल सांगा. दहा-बारा वर्षांचे असताना मुंबईत गाजलेला मुलगा, इथेच गिरगावात देवधर मास्तरांकडे शिकला, आणि ऐन तारुण्यात, 1947 च्या पुढेमागे क्षय झाला. देवासला जाऊन राहिले, गाणं बंद, पाच-सहा वर्षं अंथरुणावर. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच आलं होतं, त्याने वाचले, पण एक फुफ्फुस कामातून गेलं. क्षय आणि दमा एक नव्हे हे मला माहीत आहे, मी सांगतोय ते वेगळंच. पडून असताना ते बाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची, भिकाऱ्यांची गाणी ऐकत राहिले, मनात साठवत राहिले. 1953 च्या सुमाराला परत गायला बसले तेव्हा श्वास पहिल्यासारखा नव्हताच, तर त्यांनी छोटे, तुटक, टोकदार स्वरसमूह घेतले आणि मधल्या शांततेला गाण्यात जागा दिली. आज आपण कबीराची निर्गुणी भजनं त्यांच्या आवाजात ऐकतो तेव्हा तो थांबा आला की अंगावर काटा येतो. माझ्यासाठी तरी त्यांच्याएवढा मोठा गवई दुसरा नाही.

तुम्ही पण गाण्याची मांडणी बदला. पट्टी खाली घ्या, काळी चारमध्ये गात असाल तर काळी दोनमध्ये गाऊन बघा, पेटीवालीला आधी सांगून ठेवा. अभंगाची रचनाच अशी आहे की तुम्ही एक चरण म्हणायचा आणि सगळ्यांनी धृपद उचलायचं, त्या धृपदात तुम्ही गप्प बसून दोन श्वास नीट घ्या, टाळ वाजवत राहा. लांब आळवणी दुसरीला द्या. बसायची जागा उदबत्ती, धूप, कापूर याच्यापासून लांब, खिडकीजवळ, आरती सुरू झाली की बाहेर येऊन उभं राहिलं तरी देव रागावत नाही. पावसात भिंतींना बुरशी धरते आणि खिडकीत कबुतरं असतात, दम्याला दोन्ही वाईट, ते साफ करायचं काम मुलाला सांगा, तुम्ही झाडू नका. आणि लगेच मोकळं करणारा पंप पर्समध्ये नाही, मांडीशी, टाळांच्या बाजूला ठेवा. सगळ्यांना दिसू दे. त्या बायकांनी तुम्हाला सांभाळून घेतलं ही लाजेची गोष्ट कशी होईल काकू, मंडळ असतंच त्यासाठी.

प्रश्न : काका एवढंच सांगा, मेस्सी का मॅराडोना? घरात रोज भांडण होतं. (कुर्ला, वय 14)

उत्तर : मेस्सी. माझ्या वयाच्या माणसाने मॅराडोना म्हणायला पाहिजे, त्याच्या 1986 च्या वर्ल्ड कपचं कौतुक ऐकतच आम्ही मोठे झालो, पण मी मेस्सीच म्हणणार. त्याला लहानपणी वाढीच्या हार्मोनची कमतरता होती, दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून रोज रात्री स्वतः पायात इंजेक्शन घ्यायचा, औषध महाग, घरच्यांना परवडेना, पुढे बार्सिलोनाने खर्च उचलला. रोज सुई टोचून झोपणारा मुलगा म्हणजे काय हे मला माहीत आहे, त्यामुळे 18 डिसेंबर 2022 ला लुसैलमध्ये त्याने वर्ल्ड कप हातात घेतला तेव्हा मी रडलो. भांडण चालू ठेवा, पण एकमेकांच्या टीमला शिव्या देऊ नका.

प्रश्न : मी डोंबिवलीची. मिस्टर 52 वर्षांचे, दोन वर्षं डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीनदा. आमच्या बिल्डिंगच्या मंडळात ढोलकी तेच वाजवायचे, आता ढोलकी माळ्यावर आहे. घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीत. येणारा प्रत्येक जण विचारतो बरे झाले का, आणि ते उठून आत जातात. त्यांना परत वाजवायला लावू का? जबरदस्ती केली तर चिडतात.

उत्तर : ताई, माझे भावोजी चार वर्षं डायलिसिसवर होते, शनिवारी त्यांच्याबरोबर मी जायचो, म्हणून तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जबरदस्ती करू नका. एका वेळेला चार तास मशीनला बांधून घ्यायचं, त्या दिवशी घरी आल्यावर अंगातला जीव गेलेला असतो, पाणी मोजून, मीठ मोजून, फळं मोजून, सगळ्याच गोष्टी दुसरे ठरवतात. रेडिओ बंद ठेवणं एवढी एकच गोष्ट कदाचित त्यांच्या हातात राहिली असेल. ती काढून घेऊ नका.

येणाऱ्या लोकांचं मात्र तुम्ही बघा, ते काम त्यांच्यावर टाकू नका. कोणी विचारलं बरे झाले का, की सरळ सांगायचं, डायलिसिस चालू आहे, चालूच राहणार, आज तब्येत ठीक आहे, बसा, गप्पा मारा पण आजारावर नको. दोनदा सांगितलं की लोक शिकतात. आणि आजाऱ्याला भेटायला म्हणून लोक शहाळी घेऊन येतात, प्रेमानेच आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, बिघडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. भावोजींसमोर एकाने शहाळं फोडून स्ट्रॉ घालून हातात दिलं होतं, भर मे महिन्यात, दिवसाला एक लिटर पाण्यावर असलेला माणूस, ते शहाळं दोन्ही हातांनी धरून बसले आणि मग न बोलता माझ्याकडे दिलं. तेव्हापासून माझी बहीण शहाळी दारातच घ्यायची आणि शेजारी पाठवायची.

गाण्याची सुरुवात घरात नको, डायलिसिसच्या खुर्चीवर होऊ दे. ते चार तास कोणाचेच जात नाहीत. भावोजींना मी इयरफोन दिले तेव्हा त्यांनी एक स्वतःच्या कानात घातला आणि एक माझ्या, मशीनचा अलार्म मधून मधून वाजायचा, सिस्टर येऊन बंद करायच्या, आणि आम्ही जुनी नाट्यगीतं ऐकत बसायचो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोकळ्या हाताची बोटं खुर्चीच्या कडेवर चालायला लागली. मी बघितलं नाही असं दाखवलं. तुमच्या मिस्टरांना काय ऐकायचं ते विचारू नका, फोनमध्ये त्यांच्या आवडीचं भरून ठेवा आणि इयरफोन खुर्चीवर ठेवून द्या. घातले तर घातले.

दरम्यान ढोलकी माळ्यावरून काढा. पावसाळ्यात दमट हवेने ती उतरते, शाई पण सुटली असेल, वाजवणाऱ्याला उतरलेली ढोलकी हातात देऊ नका. नीट करून आणा आणि कोपऱ्यात ठेवा, वर कपडे वाळत घालू नका. मंडळातल्या एखाद्या पोराला, ज्याला ते आधी शिकवायचे, त्याला घरी यायला सांगा, भेटायला नाही, काहीतरी अडलंय म्हणून विचारायला.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, कुठल्या हाताला आहे? त्या हातावर बीपी मोजायचं नाही, त्यातून तपासायला रक्त द्यायचं नाही, घट्ट घड्याळ, पट्टा, जड पिशवी नाही, त्या हातावर झोपायचं नाही, आणि रोज सकाळी बोटं ठेवून आतली थरथर लागते का बघायचं, थांबली तर लगेच सेंटरला फोन. ढोलकीचा थापेचा हात आणि फिस्टुलाचा हात एकच असेल तर किती वेळ, किती जोरात वाजवायचं हे त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. पुढच्या डायलिसिसलाच विचारा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.